कठड्यावरचे टॉवेल

तळ्याकाठच्या त्या गावात घरोघरी कठड्यावर एकेक कोरडा टॉवेल टांगलेला होता. पाहुणीला वाटलं, गावाला धुण्याची भारीच हौस दिसतेय.

"धुणं नाही ते," लॉजच्या मालकीणबाई चहा ओतत म्हणाल्या. "चाळीस वर्षांपूर्वी इथे लाँच बुडाली. माणसं सापडलीच नाहीत. कधी बाहेर आली, तर अंग पुसायला काहीतरी हवं ना."

पाहुणी हसली नाही. त्या लाँचवर तिचे वडील होते. ती तेव्हा सात वर्षांची होती. घरात पाऊल टाकण्याआधी ते दारात दोनदा खाकरायचे, एवढंच तिला आठवत होतं.

"मग येतं का कुणी?"

"टॉवेल रोज ओले होतात. आत मात्र कुणी येत नाही. आपलं माणूस असल्याशिवाय परक्याच्या घरात कसं शिरणार?"

तिने खिडकीतून पाहिलं. मघाशी कोरडा असलेला लॉजचा टॉवेल आता निथळत होता, आणि रिकाम्या पायऱ्यांवर एकेक ओलं पाऊल उमटत वर येत होतं.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. थोडं थांबून पुन्हा एकदा.

मालकीणबाईंनी काही न विचारता तिसरा कप मांडला.