वहीतला दिवा

"बाई, हात जोडतो. सही करा."

हवालदाराने पावतीपुस्तक गाडीच्या खिडकीतून आत सरकवलं. पेनही टोपण काढून दिलं. बाईंनी दोन्हींकडे पाहिलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवले. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी. एकोणीस वर्षं शिकाऊ माणसांना शिकवत आल्या होत्या, तसेच.

गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. म्हणून तर बघे जमले होते. गाडी शिकवणारी बाईच लाल दिवा तोडते, ही मजा काही रोज फुकटात मिळत नाही. आणि तोडला तोही कसा? पाळण्यातलं मूल जागं होऊ नये अशा बेताने गाडी चौकातून नेली आणि हवालदाराच्या पुढ्यात आपणहून उभी केली.

"तुम्हीच शिकवलंत मला," हवालदार आवाज उतरवून म्हणाला. "गाणं म्हणायला लावायचात. लाल दिवा दिसला बाई, पाय ब्रेकवर ठेव; मागच्याचा वाजे भोंगा, त्याला येऊ दे गं चेव!"

बघ्यांत खसखस पिकली.

"गाणं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दिवा बंद होता."

"आत्ता? टोमॅटोसारखा लाल होता की!"

"आत्ताचं काय घेऊन बसलास? बारा मार्चपासून तो दिवा धड नाही."

"माझी इथे बदली होऊन पंधरा दिवस झाले. मार्चचं मला काय माहीत?" त्याने कपाळावरचा घाम टिपला. "बाई, सही म्हणजे कबुली नव्हे. कागद मिळाला, एवढंच. दंड भरा, घरी जा, विसरा. नाही केलीत तर खटला उभा राहतो. हरलात की दंड दुप्पट आणि लायसन सहा महिने जमा. मग शिकवणार काय, बैलगाडी?"

"आणि दिवा चालू होता, हे कोण सिद्ध करणार?"

"आमचं खातं."

"कागदपत्रं घेऊन?"

"घेऊनच येणार. कोर्ट आहे ते."

"मग लिही. सही करण्यास नकार. खाली माझं म्हणणं लिही. बारा मार्चपासून दिवा बंद आहे. तारीख गाळू नकोस."

हवालदाराने लिहिलं. बाईंनी एकदा वाचून घेतलं. शिकाऊ माणसाने घेतलेलं वळण तपासावं तसं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला संध्याकाळपर्यंत कळलंच. तो बाईंच्या नवऱ्याचा जुना दोस्त. गाडीच्या दाराशी येऊन उभा राहिला. समोर काचेखाली सायकलची एक चेपलेली घंटी ठेवलेली होती. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

"वहिनी, माझा दोस्त त्या चौकात गेला, हे मी विसरलेलो नाही. बारा मार्चला मीच धावत आलो होतो. पण दिव्यावर राग काढून तो परत येणार आहे का?"

"नाही."

"लायसन गेलं तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल. माझा नाइलाज आहे. घरात तुम्हीच एक कमावत्या. अजून वेळ आहे, जाऊन सही करा."

बाईंनी घंटीवरची धूळ पदराने पुसली. "सकाळच्या बॅचला त्या नवीन मुलीला क्लच समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "फार घाबरते. ओरडू नका तिच्यावर."

पंधरा दिवसांनी खटला उभा राहिला. सिग्नलचा मेकॅनिक एक लांबरुंद वही छातीशी धरून आला, लेकरू धरावं तशी.

"साहेब, ही आम्ही कुणाला दाखवत नाही," तो न्यायाधीशांना म्हणाला. "खूप अर्ज येतात. तुमचा हुकूम आला म्हणून कपाटातून काढली."

"वाचा."

"मार्चपासून आजपर्यंत दिवा बंद पडल्याची एकही नोंद नाही."

"बारा मार्चचं पान वाचा," बाई म्हणाल्या. "मोठ्याने."

मेकॅनिकने बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "बारा मार्च. सकाळी साडेनऊ ते सव्वादहा मी स्वतः खांबापाशी होतो, पेटीला तेलपाणी करत. तिन्ही दिवे चालू."

"दहाला पाच कमी असताना?"

"तेव्हाही. लाल, पिवळा, हिरवा, वेळच्या वेळी. ही माझी सही."

बाईंनी समोरचा कठडा घट्ट धरला. डोळे भरून आले. हवालदाराला बघवेना, तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

"ऐकलंत?" न्यायाधीश म्हणाले. "तुमचं म्हणणं साफ खोटं आहे. कोर्टाचा वेळ घालवलात."

"साहेब, हे निकालात असंच लिहाल ना? तारखेसकट?"

"लिहिणार. पुन्हा कुणी असलं धाडस करू नये म्हणून सविस्तर लिहिणार."

दंड दुप्पट झाला. लायसन टेबलावर ठेवताना बाईंनी त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला, झोपलेल्या लेकीच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग त्या सरळ नकला मिळतात त्या खिडकीपाशी गेल्या.

"निकालाची सहीशिक्क्याची नक्कल हवी."

कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवलं. "इथे सही."

बाईंनी झटकन पेन घेतलं आणि ठसठशीत सही केली.

मागे उभ्या हवालदाराला राहवलं नाही. "इथे बरी करता! बाई, आता तरी सोडा. अपिलात पण हराल."

"अपील कशाला रे?" बाई नकलेवरची शाई वाळायची वाट बघत म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर माझ्या नवऱ्याच्या अपघाताचा खटला चालू आहे. ट्रकवाला शपथेवर सांगतोय, बारा मार्चला तो दिवा बंद होता."