खेळातला चौक

व्यंकटरावांनी मोबाइलवरच्या खेळात आपलाच चौक नव्याने सजवला होता. भारतबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला. मधोमध कारंजं होतं, पण त्यांची इस्त्रीची टपरी कुठेच नव्हती.

"भाऊ, माझी टपरी कुठाय?"

"अहो ताई, खेळ आहे तो. तिथं ती शोभत नव्हती."

"मागं तुम्ही खेळात भिंती पिवळ्या केल्या, अन् आठवड्यात नगरपालिकेचे रंगारी आले."

"योगायोग हो."

भारतबाईंनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला. खेळातल्या व्यंकटरावांच्या बंगल्याचं फाटक त्यांनी पुसलं आणि तिथे टपरी ठेवली.

"खेळच आहे ना, भाऊ?"

व्यंकटरावांनी मोबाइल हिसकावून घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, सेव्ह तर नाही ना केलंत?"