चालू स्थितीत

"हात ठेवा काका," संग्रहालयाच्या दिघेबाई म्हणाल्या.

सीटवर पट्ट्याने बांधलेल्या म्हाताऱ्या घोलप ड्रायव्हरांनी हात स्टिअरिंगवर ठेवला. त्यांची नाडी ओळखून त्यांच्या दिवंगत साहेबांची जुनी काळी गाडी सुरू झाली. दुसऱ्या कुणाच्याही हाताने ती सुरूच होत नसे. सहलीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, माझ्या छातीतलं यंत्र बंद करा. मला मरू द्या," घोलप पुटपुटले.

"वेड लागलंय का? नागपूरच्या संग्रहालयवाल्यांनी त्यांच्या ड्रायव्हरला मरू दिलं. बसलेत आता बंद गाडी पुसत."

"अशा किती गाड्या उरल्यात?" एका मुलीने विचारलं.

"चालू स्थितीत? जगात ही एकच."

"आणि हे आजोबा?"

"ते गाडीतच धरलेत," दिघेबाई म्हणाल्या आणि त्यांनी घोलपांसकट गाडीवर कव्हर ओढलं.