भंवरीबाईंची हद्द

"बटण तू दाब. मी 'पाठव' म्हटलं, तर दोष मला लागंल."

भंवरीबाई दोन पावलं मागे सरल्या. गच्चीच्या मधोमध ठेवलेलं ते चार पंखांचं यंत्र त्यांना मुळीच भरवशाचं वाटत नव्हतं. "आन् पाखरू आडवं आलं, तर लगेच खाली घ्यायचं. आदीच सांगते."

"घेतो, बाई," जिनेश म्हणाला. मारवाडी घरातल्या रीतीप्रमाणे तो आईला बाईच म्हणायचा.

हौसेनं घेतलेला ड्रोन घेऊन तो वर्षभर वणवण फिरला होता. पुण्यात इकडे विमानतळ, तिकडे लष्कर; कुठेही जा, मोबाइलवरचा नकाशा लालभडक. शिवनेरीच्या पायथ्याशी तर पहारेकऱ्यानं त्याला पिशवीची चेनसुद्धा उघडू दिली नाही. नकाशा हिरवा झाला तो थेट गावी, मढला, त्याच्या स्वतःच्या घरावर. ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिजायला लागलं.

बाईंचं जैनांमधलं दिशांचं व्रत होतं. ठरवलेल्या हद्दीबाहेर वर्षभर पाऊल टाकायचं नाही, काही पाठवायचंही नाही; हद्द जेवढी लहान, तेवढा त्याग मोठा. पूर्वेला धरणाची भिंत, पश्चिमेला घाटाचं तोंड, दोन्ही अंगांना डोंगरांचे पायथे. आणि वर? वर या दुकान-घराची गच्ची. जिनेशचे वडील मिश्रीलालजी गेल्यापासून त्या एकट्याच दुकान सांभाळत होत्या. मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून पडल्या, तेही जिनेशला शेजारच्या भागूकडून कळलं, आणि तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. पुण्यात अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यानं बाईंसाठी सजवलेली खोली तशीच पडून होती. पण व्रत एका वर्षाचं होतं, आणि उद्या दिवाळीचा पाडवा. उद्या हद्द नव्यानं ठरायची होती. आपलं जग केवढंसं आहे हे बाईंनी एकदा वरून पाहिलं, की पुणं त्यांच्या हद्दीत आलंच, असा त्याचा बेत होता.

त्यानं बटण दाबलं. ड्रोन गुणगुणत उठला, विजेच्या तारांच्या वर गेला, पिंपळाच्या वर गेला, आणि एका उंचीवर जागच्या जागी थबकला.

"थांबला का रं?"

"कायद्यानं याला याच्यावर जाता येत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कौतुक उमटलं. "म्हंजे यालाबी व्रत हाय की!"

जिनेशला हसू आलं. रिमोटला लावलेला मोबाइल त्यानं त्यांच्यासमोर धरला आणि ड्रोन हळूहळू सभोवार वळवला.

धरणाचं पाणी पार आभाळापर्यंत पसरलं होतं. कापणीला आलेली भातखाचरं पिवळीधमक झाली होती. डोंगरामागे डोंगर, त्याच्यामागे आणखी डोंगर, आणि घाटाच्या तोंडाशी ढग नुसते बसून राहिलेले. रस्त्यावरून तांदळाच्या दाण्याएवढी एसटी चालली होती. गच्चीवर दोन ठिपके होते. ते ठिपके म्हणजे आपण दोघं, हे दाखवायचंही जिनेशला सुचलं नाही. याच गावात तो लहानाचा मोठा झाला होता, पण ते असं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

बाईंनी पदर सावरला. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"यातलं माझ्या हद्दीतलं कुठवर?" त्यांनी हळूच विचारलं.

जिनेशनं धरणाच्या भिंतीवर बोट ठेवलं आणि ते घाटापर्यंत नेलं. "हे सगळं, बाई."

"सगळं?"

"सगळं." एवढीच संधी होती. त्यानं धीर केला. "मग उद्या हद्द बदलायची ना?"

"बदलावीच लागंल." बाईंचे डोळे भरून आले होते.

"एवढं सगळं मी एकटीसाठी ठिवलं व्हतं व्हय रं? लई झालं. उद्या निम्मं सोडते."