सात नंबरचं कासव

कासवांच्या फार्मवरून आलेली बारा कासवं उर्जाने जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या लॅबमध्ये ताब्यात घेतली, तेव्हा ती तळ्यातल्या त्याच वयाच्या कासवांपेक्षा दुप्पट मोठी होती. तयार खाद्याच्या नुसत्या कोरड्या दाण्यांवर भराभर वाढलेली. आतडी मात्र नाजूक. शेवाळ, पाणवनस्पती, गोगलगायी त्यांना पचायला लागतात का, हा तिच्या पीएचडीचा प्रश्न होता. त्यासाठी दाणे पूर्ण बंद, असा तिच्या प्राध्यापक फ्राऊ क्लाइन यांचा कडक नियम होता.

अकरा कासवं हळूहळू खायला लागली. सात नंबरच्या कासवाने मात्र एकवीस दिवस कशालाच तोंड लावलं नाही. नाकासमोरून गोगलगाय गेली, तरी ते ढिम्म. उर्जाला घरी बसवेना, जेवण जाईना.

“मरेल हो ते,” ती फ्राऊ क्लाइनना म्हणाली.

“आल्झो,” त्या त्यांच्या जर्मन सवयीने म्हणाल्या, “हे बघा, थांबा. भूक लागली की खाईल.”

रविवारी उर्जा लॅबमध्ये गेली आणि तिने चार दाणे पाण्यात टाकले. कासवाने ते झडप घालून गिळले. तिला रडूच आलं.

सोमवारी तिने फ्राऊ क्लाइनना सांगून टाकलं, “मी सात नंबरला दाणे दिले. त्याचे आकडे माझ्यामुळे बाद झाले.”



“तुमच्यामुळे नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “मी त्याला रोज सकाळी देत होते. तुम्ही यायच्या आधी.”