आणखी छोटा डाव

“पैशांचे भाग पाडा, डाव छोटा लावा. हरलात तर आणखी छोटा!” चेहरा झाकून, यंत्राने आवाज बदलून निरंजन मोबाइलवर थेट कार्यक्रमात स्लॉट गेमचे, म्हणजे ऑनलाइन जुगाराचे, धडे देत होता. तेवढ्यात एका बाईंचा फोन आला.

“सर, तुम्ही सांगितलं तसंच खेळले हो. डाव कधीच वाढवला नाही. तरी हळूहळू जवळजवळ सगळे पैसे गेले. आता उरलेल्या हजाराचे किती भाग पाडू?”

निरंजनने आवाज लगेच ओळखला. त्याला लहानाचा मोठा करणारी सुलभाआत्या बोलत होती.

“कुठले पैसे होते?” त्याने कसंबसं विचारलं.

“गुडघ्याच्या ऑपरेशनचे. भाच्यानं दिलेले. त्याला कळायच्या आत परत मिळवायचेत.”

शेकडो लोक ऐकत होते. निरंजनने आवाज बदलणारं यंत्र बंद केलं.

“आत्या, एकही डाव लावू नकोस. मी घरी येतोय.”