चारही काचा खाली

बाबा गेला त्याच्या आदल्या दिवशी मला गाडीने पार्ल्याला सोडत होता. अंधेरीची धूळ आत येत होती. “बाबा, काच वर कर ना! एसी लाव!” “ग्लायडरला इंजिन नसतं गं. उतरताना फक्त वाऱ्याचा आवाज येतो, काच बंद असली तर तोही ऐकू येत नाही.” “इथे कुठला ग्लायडर?” “सवय सुटली की वाट लागली,” तो हसला. ग्लायडिंग क्लबात उतरलेले ग्लायडर धावपट्टीवरून ओढून नेणारी जीप तो चालवायचा. दुसऱ्या दिवशी जीपने धावपट्टी ओलांडताना त्याच्या छातीत कळ आली. तेव्हाच एक शिकाऊ मुलगी ग्लायडर उतरवत होती. उघड्या खिडकीतून त्याला आवाज आला असणार. जीप पट्टीबाहेर काढून, हँडब्रेक ओढून मगच त्याने मान टाकली. मुलगी सुखरूप उतरली. तेराव्यानंतर मी त्याची गाडी काढली. हायवेवर चारही काचा खाली करून मोठ्याने म्हणाले, “बाबा, तुझ्या गाडीत मला कधीच भीती वाटली नाही.”